घरचं प्रमाण

माझ्या हातचं काम चुकत नाही. ही फुशारकी नाही. आमच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षांच्या वह्या आहेत, ज्याला शंका असेल त्याने येऊन बघाव्यात, फक्त चपला बाहेर काढून आणि हात धुऊन. मी रक्त मोजते. म्हणजे लाल पेशी किती आणि पांढऱ्या किती, ते नव्हे. ते खालच्या मजल्यावरची यंत्रं करतात आणि त्यांना रजा लागत नाही. मी मोजते ती दुरुस्ती.

गोष्ट सोपी आहे. रक्तात साखर फिरते आणि फिरता फिरता प्रोटीनला चिकटते. दोन दिवसांची पाहुणी म्हणून येते आणि ठाण मांडून बसते. अशी चिकटली की ते प्रोटीन हळूहळू कामातून जातं. पण लाल पेशीत एक एन्झाइम असतं. ते त्या साखरेला फॉस्फेटचा एक तुकडा जोडून देतं, मग साखरेची पकड सैल होते आणि ती आपणहून गळून पडते. काही माणसांचं हे एन्झाइम कामसू असतं, काहींचं कामचुकार. कोणाचं किती, ते मी सांगते.

त्यासाठी रक्तातल्या पेशी तीनदा धुवायच्या, शुद्ध पाण्यात फोडायच्या आणि ते लाल पाणी बर्फात ठेवायचं. मग त्यात साखर चिकटवलेला एक तयार पदार्थ घालायचा, अंगाइतक्या उबेला ठेवायचं, आणि दर दहा मिनिटांनी थेंबभर काढून आम्लाने काम थांबवायचं. हे सगळं यंत्रातून सोडलं की पडद्यावर दोन टेकड्या उमटतात. एक, ज्याला एन्झाइमचा हात लागलेला नाही त्या पदार्थाची. दुसरी, हात लागलेल्याची. दुसरी टेकडी जितकी मोठी तितकं एन्झाइम कामसू.

यात एक मेख आहे. यंत्राचा मूड रोज सारखा नसतो. कधी पाणी अर्धा अंश गार, कधी आतली नळी जुनी झालेली. म्हणून प्रत्येक खेपेला शेजारी एक ओळखीचं रक्त मोजायचं आणि बाकीच्यांचे आकडे त्याच्याशी ताडायचे. त्या ओळखीच्या रक्ताला आम्ही ‘घर’ म्हणतो. घर म्हणजे एक. कोणी त्याच्या पाऊण, कोणी निम्मं.

आणि ते रक्त माझं.

पहिल्या वर्षी असं ठरलं, कारण मी कधी उशिरा येत नाही, कधी आजारी पडत नाही आणि माझ्या शिरा आंधळ्यालाही सापडतील अशा आहेत. दर चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरची सिस्टर माझं रक्त काढते. मी ते फोडून चिमुकल्या नळ्यांत भरते, प्रत्येकीवर ‘घर’ लिहिते आणि सगळ्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवून देते. अकरा वर्षांत शेकडो माणसांचं रक्त माझ्या रक्ताशी ताडून पाहिलं गेलं. हे माणसाला थोडं चढतं, खोटं कशाला बोलू.

आमचा अभ्यास मधुमेह झालेल्यांचा. एकाच माणसाचं रक्त सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि काय बदललं ते बघायचं. त्यासाठी माप कोणतंही चालतं, फक्त ते जागचं हलता कामा नये. आमच्याकडे आलेले जवळपास सगळे एकच्या खाली भरायचे. आजारीच माणसं ती, कमी असणारच, असं मी म्हणायचे आणि पुढची नळी उचलायचे.

आता छोट्याबद्दल.

छोट्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. सेहेचाळीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा छोट्या. तो गोदीत क्रेन चालवतो. चाळीस मीटर उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून खोलीएवढे लोखंडी डबे जहाजावरून उचलतो आणि खालच्या ट्रकवर असे टेकवतो की ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळत नाही. एकोणीस वर्षं हे करतोय. घरात त्याला रिमोट सापडत नाही, पण वर गेला की त्याच्यासारखा दुसरा नाही, हे त्याचे शत्रूसुद्धा मान्य करतात.

मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई नोकरीला जायची, त्यामुळे त्याला शाळेत सोडणं, आणणं, गृहपाठ तपासणं हे माझ्याकडे होतं. आता त्याची मुलं कॉलेजात आहेत, पण माझी तपासायची सवय काही गेली नाही.

चार वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. मी ताबडतोब वही आणली, रकाने आखले, बोट टोचून साखर बघायचं यंत्र घेऊन दिलं आणि नियम सांगितला: सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, रोज एकदा. बाकीचं डॉक्टर बघतील. त्याने तो नियम अक्षरशः पाळला. एकशे चार, एकशे अकरा, अठ्ठ्याण्णव. वही बघून कोणीही पाठ थोपटली असती.

पण गोदीत सहा महिन्यांनी तपासणी होते आणि तिथे तीन महिन्यांची साखर बघतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती भागाला साखर चिकटलेली आहे, ते त्यात कळतं. लाल पेशी तीन-चार महिने जगते, म्हणून तेवढ्या काळाचा हिशेब तिच्या अंगावर असतो. साडेसहाच्या वर गेलं की मधुमेह. गोदीचा नियम असा की क्रेनवाल्याची आठच्या वर जाता कामा नये. छोट्याची आली आठ पूर्णांक तीन. पुढच्या वेळी आठ पूर्णांक सहा. मग पत्र आलं की येत्या शुक्रवारी डॉक्टरांची समिती बसेल आणि याला वर राहू द्यायचं की कायमचं खाली उतरवायचं ते ठरवेल.

वही म्हणते उत्तम, रिपोर्ट म्हणतो वाईट. दोन्ही खरं कसं असेल? घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला आणि तो बोलून दाखवला मी, त्यांच्या स्वयंपाकघरात, भावजयीसमोर.

“एक तर तू आकडे मनाने लिहितोस, नाहीतर चोरून खातोस,” मी म्हटलं.

“ताई, एकही आकडा खोटा नाही.”

“नाचता येईना अंगण वाकडं.” असं म्हणून मी पर्समधून माझा रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा आमच्याकडे सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी होते. पाच पूर्णांक पाच. वय चोपन्न, चहात दोन चमचे साखर, आणि पाच पूर्णांक पाच. तो कागद मी घडी करून जवळ बाळगायचे. त्याला तो आधी तीनदा दाखवून झाला होता.

भावजय खाली मान घालून भाजी निवडत होती. तिने बिस्किटांचा डबा महिनाभर कुलपात ठेवला होता आणि तरीही बिस्किटं मोजायची. छोट्याने माझा कागद पुन्हा घडी घालून माझ्यापुढे सरकवला.

“तू ते दुरुस्तीचं मोजतेस ना, ते माझं मोज,” तो म्हणाला. “माझं ते एन्झाइम कामचुकार असेल तर? साखर चिकटत असेल सगळ्यांइतकीच, पण निघतच नसेल तर?”

हे सुचायला हवं होतं मला, आणि सुचलं क्रेनवाल्याला. पण विचार बिनचूक होता. दुरुस्ती आळशी असेल तर साखर थोडी असूनही चिकटलेली जास्त दिसेल. वही खरी, रिपोर्टही खरा, आणि माझा भाऊ खोटारडा नाही. मला ते इतकं हवंहवंसं वाटलं की घरी जाताना माझा बसथांबा मागे पडला.

आमच्या मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शब्द मोजून मापून वापरणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं. “संमतीपत्र भरून घ्या, नळीला नंबर मी देईन आणि कोणता नंबर कोणाचा ते तुम्हाला नंतर सांगेन,” त्या म्हणाल्या. “आणि हे संशोधन आहे, निदान नाही, हे त्यांना आधी सांगा.” मी सांगितलं. तो हो हो म्हणाला, ऐकलं काहीच नाही. मीही काही फार जोर देऊन सांगितलं नव्हतं.

सोमवारी बारा नळ्या मोजल्या. मॅडमनी चिठ्ठी उघडली. छोट्या सहा नंबर. शून्य पूर्णांक चोपन्न. घराच्या जेमतेम निम्मं.

मी तिथल्या तिथे फोन लावला. “सुटलास,” मी म्हटलं. एवढंच. पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत भावजयीने कुलूप काढून डबा ओट्यावर ठेवला होता आणि मुलांसमोर नवऱ्याची माफी मागितली होती. मंगळवारी सकाळी त्याने गोदीत चार जणांना सांगितलं. चार जणांना सांगितलं म्हणजे गोदीत सगळ्यांना सांगितलं.

मॅडम मात्र फोन होईपर्यंत थांबल्या होत्या. नंतर म्हणाल्या, “घाई केलीत.”

“आकडा समोर आहे.”

“घराच्या निम्मं. पण ‘घर’ म्हणजे कोण? आपल्याला निरोगी माणसांशी तुलना कधी लागलीच नाही, म्हणून आपण ती केलेली नाही.”

“निरोगी माणूस तुमच्यापुढे उभा आहे,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. समितीसाठी मी लिहून आणलेल्या पत्रातल्या दहा ओळी त्यांनी खोडल्या आणि दोन ठेवल्या: अमुक व्यक्तीच्या लाल पेशींतील या एन्झाइमची क्रिया आमच्या प्रमाण रक्ताच्या तुलनेत ०.५४ आढळली. त्याखाली सही केली. “रक्तदान केंद्रातून वीस निरोगी माणसांच्या नळ्या मागवल्या आहेत, बिननावाच्या. त्या मोजा. तोवर हे पत्र तुमच्या खणातून बाहेर जाणार नाही. मी दोन दिवस परगावी आहे, गुरुवारी येते.”

मंगळवारी दहा मोजल्या, बुधवारी दहा. मला कशाची काळजी नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला, असंच मनात होतं. वीसच्या वीस माझ्या आसपास येणार, नऊदशांश, एक, एकच्या थोडं वर. आणि छोट्याचा आकडा त्या रांगेत खाली एकटा पडलेला दिसणार. रक्ताच्या नळ्यांवर नंबर घालताना मी गुणगुणत होते.

विसांतला सर्वांत कमी त्रेचाळीस शतांश. सर्वांत जास्त अडुसष्ट शतांश. छोट्याला मध्ये घालून रांग लावली तर तो बरोबर अकरावा. आगेमागे दहा-दहा माणसं, आणि मध्ये माझा भाऊ, ज्याच्यात काहीही वेगळं नाही. वेगळी होते मी. रांगेच्या पार टोकाला, सगळ्यांपासून लांब, एकटी.

मी म्हटलं, काहीतरी चुकलं. नवीन पाणी घेतलं, नवीन नळी लावली, पाच नमुने पुन्हा मोजले. तेच आले. माझ्या हातचं काम चुकत नाही, हे मी सांगितलंच आहे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, एकदा चुकलं असतं तर बरं झालं असतं.

अकरा वर्षं ‘घर म्हणजे एक’ लिहून लिहून त्या एकचा अर्थ माझ्या डोक्यात कधी ‘बरोबर’ असा होऊन बसला, ते मला कळलंच नाही. ती नुसती फूटपट्टी होती. रुग्ण माझ्याहून कमी भरत होते ते आजारी म्हणून नव्हे, माणसं म्हणून. सगळीच माणसं माझ्याहून कमी भरत होती.

मग मी खण उघडला. पत्र होतं. त्यातला शब्द न शब्द खरा होता. प्रमाण रक्ताच्या तुलनेत चोपन्न शतांश, खालती मॅडमची सही. समितीतल्या डॉक्टरांनी ते वाचून मान डोलावली असती. आमच्या प्रयोगशाळेचं नाव मोठं आहे आणि हे एन्झाइम त्यांनी कशाला कधी मोजलेलं असेल. वीस नळ्यांची गोष्ट त्या घडीला जगात एकट्या मला माहीत होती. मी क्षणभरही डळमळले नाही असं म्हणणार नाही. दोन मिनिटं डळमळले, भिंतीवर घड्याळ होतं. चाळीस मीटरवर बसलेला तो डोळ्यांसमोर आला, आणि आठ पूर्णांक सहा ही त्याची खरीखुरी साखर. वर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर खाली माणसं आहेत, आणि ज्या ट्रकवर तो अलगद डबा टेकवतो त्यात ड्रायव्हर आहे. मी पत्र फाडलं. चार तुकडे केले आणि रक्ताचा कचरा जातो त्या पिशवीत टाकले, म्हणजे पुन्हा हात घालायचा मोह नको.

गुरुवारी मॅडम आल्या. मी आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पत्राचं काय केलं ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ कागद पाहिला. पुरावा म्हणून मी छोट्याची वहीसुद्धा आणून ठेवली होती; तीही उघडली.

“सगळे सकाळचेच आकडे का?” त्यांनी विचारलं.

“मीच तसं सांगितलं होतं. एकच वेळ, एकच आकडा. तुलनेला बरं.”

“जेवणानंतरचे?”

त्या रकान्यासाठी वहीत मी जागाच ठेवली नव्हती. उपाशीपोटी त्याची साखर चांगलीच होती. ती चढायची खाल्ल्यावर. सकाळी पास झालो की दिवस मोकळा, असा त्याने अर्थ घेतला होता, आणि घेणारच. परीक्षा मीच तेवढी ठेवली होती. केबिनमधून दर वेळी खाली उतरायला नको म्हणून तो बरोबर भाताचा भला मोठा डबा आणि थंड पेयाची बाटली नेतो, हे मला चार वर्षं ठाऊक होतं. त्याने काही चोरलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी भावजयीसमोर करून दाखवलं होतं.

“आणि तुमची साखर किती असते?” मॅडम म्हणाल्या.

“पाच पूर्णांक पाच.”

“ती चिकटलेली. तुमच्याकडे दुरुस्ती दुप्पट असेल तर चिकटलेली कमीच दिसेल. बोट टोचून कधी बघितलीय?”

नव्हती बघितली. कशाला बघू? तहान फार लागायची, ती उन्हाने. वर्षात दोनदा चष्मा बदलला, तो वयाने. मॅडमनी कपाटातून यंत्र काढलं. जेवून दोन तास झाले होते. दोनशे चौऱ्याऐंशी. मी हात साबणाने धुतला आणि दुसरं बोट दिलं. दोनशे एकोणऐंशी. यंत्र बिघडलंय म्हटलं, तर त्यांनी सिस्टरला वर बोलावून शिरेतून रक्त घ्यायला लावलं आणि खालच्या मोठ्या यंत्रावर पाठवलं. दोनशे एक्याऐंशी. यंत्रांत एवढी एकी मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

“तुमच्या एन्झाइममुळे रिपोर्ट किती खाली आला, हे एका माणसावरून मी सांगणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण आजपासून तुम्ही त्या रिपोर्टवर विसंबायचं नाही. उद्याच डॉक्टरकडे जा.” मग जराशा मऊ आवाजात, “अभ्यास वाया गेलेला नाही. माप एकच होतं, ते हललेलं नाही. फक्त पुढचं ‘घर’ आपण वीस जणांचं रक्त एकत्र करून बनवू.” मी हो म्हटलं. दिव्याखाली अंधार असतो हे मलाही माहीत होतं, फक्त दिवा मी आहे असं समजून चालले होते.

संध्याकाळी छोट्याकडे गेले. तो खुशीत होता. उद्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टांगलेला. भावजयीने चहा टाकला. मी खुर्ची ओढली आणि आडवळणं न घेता सांगितलं, कारण मला दुसरं येत नाही. तुझं एन्झाइम सगळ्यांसारखं आहे. वेगळं माझं आहे. रिपोर्ट खरा आहे. वहीही खरी आहे, पण मी तुला चुकीच्या वेळी मोजायला लावलं. तू खोटं बोलला नाहीस, मी म्हटलं ते चूक होतं.

तो शर्टाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आणि पत्र?”

“फाडलं.”

“मला विचारून फाडायचंस.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.”

“म्हणालो असतो,” तो म्हणाला. “लोकांना सांगून बसलोय मी, ताई. सोमवारी तू सुटलास म्हणालीस. मी मागितलं नव्हतं, तूच म्हणालीस.”

“हो.”

“समितीला काही कळलं नसतं.”

“मला कळलं असतं. खाली माणसं असतात, छोट्या.”

“ती माझीच माणसं आहेत!” त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच उतरला. “तू मला सांगतेस? एकोणीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून मी डबे फिरवतोय. मला रात्री झोप लागायची ती एवढ्याचसाठी, की आपण काही चोरून केलेलं नाही.” तो थांबला. “बरं झालं फाडलंस. पण आज तू मला आवडत नाहीस.”

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. भावजय चहाचे कप घेऊन तशीच उभी होती. तिने हळूच विचारलं, “ताई, तुमचं वेगळं म्हणजे काय? तुमची साखर किती?”

“दोनशे चौऱ्याऐंशी,” मी म्हटलं.

मला वाटलं आता हा बोलणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, एवढं तरी म्हणणार. चार वर्षांचा कागद वसूल करायची वेळ आली होती, आणि मी माझी बाजू मनात तयारही करून ठेवली होती. तो उठला, माझ्यापुढचा दोन चमचेवाला चहा उचलून त्याने मोरीत ओतला आणि स्वतः नवीन आधण ठेवलं. त्याला चहा करता येत नाही. पाणी जास्त झालं आणि पावडर कमी. मी तो सगळा प्यायले.

शुक्रवारी त्याच्याबरोबर मी गेले. समितीत तीन डॉक्टर होते. छोट्याने वही पुढे केली, सकाळचेच आकडे का आहेत ते सांगितलं, आणि चूक कोणाची ते सांगितलं नाही; ते मी सांगितलं. मधल्या डॉक्टर बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांनी त्याला तीन महिने खाली उतरवलं. जमिनीवर उभं राहून वायरलेसवर दुसऱ्या क्रेनवाल्याला दिशा सांगायची. औषध बदललं, जेवणानंतर दोन तासांनी मोजायला सांगितलं. तीन महिन्यांनी आठच्या खाली आला तर पुन्हा वर, नाहीतर नाही. ठरेल ते त्याच्याच रक्तावर ठरेल.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “माझं तीन महिन्यांत कळेल. तुझं?”

“माझा रिपोर्ट चांगलाच येणार. मला रोज बोट टोचावं लागेल, कायम.”

“बघ, माझं रक्त निदान खरं बोलतं,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा किंचित हसला.

त्याला खाली उभं राहणं जड जातं. उंची आहे म्हणून लांबूनही दिसतो. जाळीबाहेरून एकदा मी पाहिलं. पिवळं जाकीट, हातात वायरलेस, आणि मान सारखी वर, दुसरा कोणी बसलाय त्या केबिनकडे. मला तिथे थांबवेना. माझ्या एका ‘सुटलास’मुळे त्याला सगळ्या गोदीदेखत खाली यावं लागलं, हे मला कुठल्याच टेकडीत मोजता येत नाही.

आता रोज संध्याकाळी जेवणानंतर दोन तासांनी त्याचा फोन येतो. आधी तो त्याचा आकडा सांगतो. एकशे अडुसष्ट, एकशे एकावन्न. उतरतोय. मग विचारतो, “तुझा?” पहिले काही दिवस मी सांगताना सबब जोडायचे, आज काम फार होतं, आज यंत्रच तसं आहे. काल पाच वाजता प्रयोगशाळेत कोणाचा तरी निवृत्तीचा केक कापला. मी दोन तुकडे खाल्ले, कोणी आग्रहही केला नव्हता. रात्रीचं जेवण झालं, दोन तास झाले, बोट टोचलं, आणि आकडा बघून फोन उचलू नये असं वाटलं. पण उचलला.

“दोनशे छत्तीस,” मी म्हटलं. “केक खाल्ला. दोन तुकडे.”

मी तो रागावण्याची वाट बघत होते. “बरं,” तो म्हणाला, “उद्या याच वेळेला करतो,” आणि त्याने फोन ठेवला.

मी त्याच्या जागी असते तर बोलले असते.